फक्त ग्रामस्थांसाठी

आमच्या मंडळाच्या हॉलच्या दाराशेजारी संगमरवराची एक पाटी आहे. तिच्यावर आज जे कोरलेलं आहे ते वाचून माणसं आत येतात. पूर्वी जे कोरलेलं होतं ते वाचून निम्म्या माणसांनी बाहेरच राहायला हवं होतं, पण तसं कधी झालं नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. गाव केवढंसं का असेना, मंडळ असतंच, आणि मंडळ म्हटलं की भांडण असतंच. आमच्या मंडळाकडे भांडणाखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे चारकोपमधला तळमजल्यावरचा हॉल. गिरण्या चालू होत्या तेव्हा माझ्या वडिलांच्या पिढीने पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून तो घेतला. गावाहून कोणी इस्पितळासाठी आलं, कोणी नोकरी शोधायला आलं, तर त्याने उतरायचं कुठे, म्हणून. बाबा तेव्हा तरणे होते आणि आता मंडळाचे अध्यक्ष होते. पाटीवरचा मजकूर त्यांनीच लिहून दिला होता. वर देवाचं नाव, खाली ‘ही वास्तू फक्त आपल्या गावच्या ग्रामस्थांच्या उपयोगासाठी आहे’. मंडळाच्या घटनेतही तेच वाक्य होतं. सभासद, समिती, लाभ घेणारे, सगळे गावचेच.

मी मंडळाची सचिव. औद्योगिक वसाहतीतल्या एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते, तेव्हा लिहिण्यावाचण्याचं काम हिच्याच गळ्यात मारा, असा साधा हिशोब. आमच्या सभेत मी कधी बोलायला उभी राहिले की लोक चहा मागवतात.

आईची आठवण सुटायला लागली तेव्हा बाबा तिला सकाळी हॉलमध्ये घेऊन यायला लागले. घरात ती सारखी दाराची कडी काढायची आणि ‘घराक जातंय’ म्हणायची. हॉलला पुढे मोकळी जागा, एक बदामाचं झाड, येणारीजाणारी माणसं. तिथे ती शांत बसायची. तिला बसलेली बघून गावचे आणखी दोघे-तिघे आपापल्या म्हाताऱ्यांना आणून बसवू लागले. घरात सुना-मुलं नोकरीवर, मग दिवसभर कोणाच्या भरवशावर ठेवणार? त्यानंतर समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती आजी, ज्यांना सगळे बा म्हणायचे, त्या आल्या. उत्तर प्रदेशातले एक वॉचमनकाका आले, ज्यांना आपण कुठल्या सोसायटीवर ड्युटी करत होतो ते आठवत नव्हतं पण शिट्टी मात्र खिशात असायची. कोणी कोणाला ‘तुम्ही आमच्या गावचे का’ असं विचारलं नाही. पाटी दाराशी होती आणि तिच्या शेजारून सगळे आत येत होते.

आणि मावशी आल्या. महापालिकेच्या इस्पितळात आया म्हणून रिटायर झालेल्या, लातूरकडच्या, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या. हॉलमध्ये बसणाऱ्या एका शेजारणीला भेटायला म्हणून आल्या होत्या. तेव्हा बाबा आईला पेज भरवत होते, म्हणजे अर्धी पेज तिच्या पदरावर आणि अर्धी स्वतःच्या शर्टावर. मावशींनी दोन मिनिटं पाहिलं आणि चमचा काढून घेतला. “दादा, तुम्ही सरका. हे तुमचं काम नाही.” त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी पगारही देत नव्हतं. गावकऱ्यांच्या घरून आळीपाळीने जेवणाचे डबे यायचे, त्यात त्यांचंही ताट असायचं, एवढंच.

आमच्याकडे सकाळची सुरुवात गणपतीच्या फोटोला हात जोडून व्हायची. मावशी तेव्हा खुर्च्या लावत असायच्या. एकदा एका गावकरणीने कुरकुर केली, तर मावशी तिला सरळ म्हणाल्या, “मी बौद्ध आहे बाई. तुमच्या देवाला मी हात जोडत नाही. तुमच्या म्हाताऱ्यांना भरवते, ते चालतंय ना?” मला मावशींबद्दल त्या दिवसापासून फार आदर वाटतो. उगाच गोड बोलायची सवय नाही आणि हात कधी थांबलेला नाही.

आईचा एक नेम होता. कोकणातल्या माणसाला समोरचा माणूस कुठल्या गावचा ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. आईची बाकी सगळी आठवण गेली, माझं नाव गेलं, पण हा प्रश्न काही गेला नाही. मावशी समोर बसल्या की ती रोज विचारायची, “खयची गो तू?”

“लातूरकडची, आई.”

“लांब गो. वायच बस.”

मावशी बसायच्या आणि मग जेवण सुरू व्हायचं. त्यांना एकदाही कंटाळलेलं मी पाहिलं नाही. मी मात्र चौथ्याच दिवशी वैतागले होते.

असं छान चाललं असताना मावशींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि नंतर खाली बसायचं नाही, कोणाला उचलायचं नाही, असं बजावलं. मावशी आम्हाला म्हणाल्या, “गणपतीपर्यंत ओढते. पुढचं तुम्ही बघा.” पुढचं बघायचं म्हणजे शिकलेल्या दोन बायका पगारावर ठेवायच्या, आणि मंडळाची ऐपत म्हणजे वर्षातून एक दशावतार आणि एक हळदीकुंकू. हॉलला कुलूप लागणार हे मला दिसत होतं. आणि कुलूप लागलं की आई पुन्हा घरात, कडीशी झटापट करत.

कारखान्यातल्या मालकीणबाईंनी मला एका देणगीदार संस्थेबद्दल सांगितलं. ही संस्था नुसता चेक फाडून देत नाही, निवडक संस्थांना भागीदार करून घेते आणि काही वर्षं त्यांच्या सोबत चालते. मात्र आधी पात्र ठरावं लागतं. नोंदणी हवी, कर सवलतीची प्रमाणपत्रं हवीत, तपासलेले हिशेब हवेत, समितीच्या बैठका खरोखर होत असल्या पाहिजेत. हे सगळं आमच्याकडे होतं, कारण सचिव मी आहे. भांडणसुद्धा मी इतिवृत्तात नीट लिहिते. अर्ज भरला, पहिली चाळणी पार पडली, आणि त्यांच्या एक मॅडम पाहणीला येणार असं कळलं.

मग काय विचारता. मुलीला बघायला येणार असल्यासारखी आमची धांदल उडाली. गावच्या बायकांनी हॉल धुऊन काढला. पंखे पुसले. मंडळाचे खजिनदार काका, जे खिळा घ्यायचा तरी तीन दुकानं फिरतात, त्यांनी स्वतः नवे पडदे आणले. बाबांनी शाल आणि नारळ तयार ठेवला. आणि पाटी काळवंडली होती म्हणून बाबांनी ती चिंच आणि राखेने घासली, संगमरवराला चिंच लावू नये हे कोणाचं न ऐकता, आणि मग कोरलेल्या अक्षरांत बारीक कुंचल्याने नवा सोनेरी रंग भरला. रस्त्याच्या पलीकडून वाचता यावी अशी ती चमकत होती.

मॅडम मुलुंडहून आल्या. माझ्याच वयाच्या, पायात साध्या चपला, हातात पाण्याची बाटली. बाबा शाल घेऊन पुढे झाले तर त्या नम्रपणे म्हणाल्या, “माफ करा, आम्हाला काही स्वीकारता येत नाही. नियम आहे.” बाबांचा चेहरा उतरला. नारळ कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून त्यांनी तो आईच्या मांडीवर ठेवला. आई पुढचा सगळा वेळ तो सांभाळत बसली.

मॅडमनी पाटी वाचली, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत. मग बाबांना विचारलं, “हे अजून लागू आहे?”

बाबा छाती पुढे काढून म्हणाले, “शंभर टक्के.”

मॅडम आत आल्या, सगळ्यांशी बोलल्या. गुजराती बांशी, वॉचमनकाकांशी, आणि सगळ्यात जास्त वेळ मावशींशी. आईने त्यांनाही गाव विचारलं आणि मुलुंड ऐकून ‘लांब गो’ म्हणाली. मावशी भरवत होत्या ते मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. जेवण आटोपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, मी इतकी केंद्रं बघते, असं जिव्हाळ्याने चालवलेलं क्वचित दिसतं. पण तुम्ही वागता एक आणि लिहिलंय दुसरं. सेवा कोणालाही भेदभाव न करता मिळाली पाहिजे, हे आमच्याकडे कागदावर लागतं. उद्या तुमच्या जागी दुसरी समिती आली आणि तिने पाटीवर बोट ठेवून बांना बाहेर काढलं, तर त्यांनी कोणाकडे जायचं?” आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. रोजचं काम बघणारा माणूस समितीत हवा, आणि एकाच घरातले दोघे पदाधिकारी नकोत. मावशी समितीत येऊ शकत नव्हत्या, कारण गावच्या नव्हत्या. बाबा अध्यक्ष आणि मी सचिव, कारण गावचे होतो. थोडक्यात, जिथे बोट ठेवावं तिथे आम्ही नापास.

मला राग आला. मॅडमचा नाही. त्यांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि बरोबर बोलणाऱ्यावर रागावता येत नाही म्हणून तो राग मी घरी येऊन भांड्यांवर काढला. बाबा जेवताना एकच वाक्य बोलले, “पाटी मीच लिवलंय.” आणि भात कालवत राहिले.

घटना बदलायची तर खास सर्वसाधारण सभा हवी, पुरेसं मतदान हवं, महिन्याने दुसऱ्या सभेत तोच ठराव पुन्हा कायम करायला हवा, आणि मग धर्मादाय कार्यालयात कागद. गणपतीला सगळे गावाला पळतात, त्याआधी हे उरकायचं होतं. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं नीट लिहून टाकलं. त्याखाली सतरा जणांनी हात जोडले आणि एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. खजिनदार काकांनी मात्र फोन केला.

“तू शिकलेली हस, तुका सगळा सोपा वाटता,” ते म्हणाले. “माझ्या बापाशीन उपाशी ऱ्हवान ह्या हॉलाक पैसे दिले. उद्या समितीत भायरचे जास्ती झाले, आणि गावचो माणूस इस्पितळासाठी इलो, तर तो खय झोपतलो? फुटपाथार?”

हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, “काका, मागची खोली गावच्या माणसांसाठीच राहील, तसं ठरावातच लिहिते.”

“आज लिवतलस. उद्या कोण पुसतलो ता तुका म्हायत नाय.”

काकांच्या पाठीमागे बरीच जुनी माणसं होती. मी घरोघर फिरले. चहा मिळाला, लाडू मिळाले, होकार मिळाला नाही. ‘बघूया गो’ म्हणजे कोकणात ‘नाही’ हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा माझ्याबरोबर कुठेच आले नाहीत. अध्यक्ष असून एका शब्दाने बोलले नाहीत. सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले, “तुमच्याच बायकोसाठी चाललंय ना हे सगळं?” ते म्हणाले, “माका म्हायत आसा.” झालं.

सभेला हॉल भरला होता. आई नेहमीच्या जागी खिडकीशी होती, आणि मावशी तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांना सभेत बसायचा अधिकार नव्हता, पण आईला सोडून त्या जाणार नव्हत्या, आणि त्यांना जा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ हातात घेऊन देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लग्न असो, साखरपुडा असो, मंडळाचं ऑडिट असो. मंडळात गाऱ्हाणं बाबाच घालतात, कारण त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. त्यांनी आईच्या शेजारचा तो नारळ उचलला, मॅडमनी परत केलेला. आईने तो तोवर कोणाला फोडू दिला नव्हता, पण बाबांना दिला. सगळे उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा,” बाबांनी सुरुवात केली, “आज तुझी लेकरां ह्या घरात जमलेली आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“पोटासाठी गाव सोडून मुंबयक इली, तेंका तू संभाळलंस.”

“व्हय म्हाराजा.”

“तेव्हा ह्या मुंबयन आमका गाव इचारूक नाय, काम दिल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

इथपर्यंत गाऱ्हाणं नेहमीच्या वाटेने चाललं होतं, म्हणजे जवळजवळ. मग बाबा किंचित थांबले. “आता ह्या घरात जो कोण म्हातारो-कोतारो येतलो, तो खयच्या गावचो, खयच्या जातीचो, ह्या न इचारता तेका ताट वाढूची बुद्धी आमका दी रे म्हाराजा.”

हॉल सवयीने बोलून गेला, “व्हय म्हाराजा.” दोघा-तिघांच्या माना वळल्या. खजिनदार काकांचे ओठ अर्धे उघडे राहिले. माझ्या हातातलं पेन थांबलं.

“दारावरची पाटी ह्या हातान लिवलंय. तेव्हा ता बरोबर होता. आता ता बदलूक होया. बदलूची ताकद दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी आवाज थोडा बारीक होता, पण सगळ्यांचा होता.

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. “आणि जी बाय तुका हात जोडना नाय, पण तुझ्या लेकरांका आपल्या हातान भरवता, तिका आमच्यातली मानून घे रे म्हाराजा.”

मी खाली मान घातली होती. डोळ्यांतलं पाणी इतिवृत्तावर पडलेलं मला चाललं नसतं. सगळ्यांच्या आधी मागच्या रांगेतून त्याच गावकरणीचा आवाज आला, फोटोला हात जोडण्यावरून कुरकुरलेल्या, “व्हय म्हाराजा.” आणि मग सगळा हॉल. मावशींचा हात आईच्या खांद्यावर होता आणि त्या समोर भिंतीकडे बघत होत्या.

बाबांनी नारळ फोडला. खोबरं वाटायच्या आधीच काका उठले. “ह्या काय बरा नाय. देवाच्या आडून ठराव घेतलंस.”

“आडून नाय. समोर घेतलंय,” बाबा म्हणाले. “आणि गाऱ्हाणा म्हणजे मतदान नाय. आता मतदान होतला. ज्येका नाय म्हणूचा आसा तेणी हात वर करूचो. कोण रागावचो नाय.”

मी ठराव वाचला, मागच्या खोलीच्या कलमासकट. बाजूने हात वर करा म्हटल्यावर ते इतके झाले की मला रांगेरांगेने फिरावं लागलं. विरोधात म्हटल्यावर एकही नाही. काकांनी दोन्ही वेळा हात खालीच ठेवला. देवाला आत्ताच हो म्हटलेल्या तोंडाने लगेच नाही म्हणायला कोकणातला माणूस लाजतो, आणि त्याची लाज ही त्याची कमजोरी नाही असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. महिन्याने दुसरी सभा झाली, तिथे बाबांनी साधं दोन ओळींचं गाऱ्हाणं घातलं, कोणाला कशात न गुंतवता. ठराव तरीही कायम झाला. काकांनी त्या वेळी हात वर केला. त्यांनीच चहा घेताना सांगितलं, “खोलीचा कलम मी चार वेळा वाचलंय. बरा लिवलंस.” माझ्या वीस वर्षांच्या सचिवपदात काकांकडून मिळालेली ही पहिली शाबासकी.

घरातल्या दोघांपैकी एकाने जायचं होतं. मी राजीनामा लिहून ठेवला होता. बाबांनी तो फाडला. “तुका लिवूक येता. माका काय, गाऱ्हाणा घालूक पद लागत नाय.” त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि आपल्या जागी काकांचं नाव सुचवलं. “जो हो म्हणूक एवढो वेळ घेता, तो इमानदार असतलो.” काका अध्यक्ष झाले. मावशींचं नाव समितीत घातलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बैठक दुपारी ठेवा, सकाळी माझ्या मागे कामं असतात.”

संस्थेचं उत्तर गणपतीच्या आधी आलं. आम्ही पात्र ठरलो होतो. मला वाटलं होतं मी नाचेन, पण मी कारखान्यात खुर्चीवर बसून तो मेल पुन्हा पुन्हा वाचला आणि मालकीणबाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. तो मेल मला कोणालातरी दाखवायचा होता. मॅडमनी फोनवर विचारलं, “ठराव एकमताने कसा झाला?” मी म्हटलं, “आमची एक पद्धत आहे. अर्जात तिला रकाना नव्हता.”

पाटी बदलायला कारागीर आला. तो म्हणाला, नवा दगड कशाला, हाच उलटा करू, मागची बाजू कोरी आहे. काकांना अर्थातच ते पटलं. आता वर देवाचं नाव पुन्हा तसंच कोरलंय आणि खाली लिहिलंय की हे घर सर्वांसाठी आहे. जुनी अक्षरं, बाबांनी रंगवलेली, भिंतीकडे तोंड करून आहेत. बाबांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “असांदे. भिंतीक वाचूंदे.”

पाटी बसली त्या दिवशी मावशी ऑपरेशनच्या तारखेआधी शेवटचं म्हणून आल्या होत्या. नव्या दोघी मुली त्यांच्या शेजारी उभ्या राहून चमचा कसा धरायचा ते बघत होत्या. बाबा आईजवळ खुर्ची टाकून बसले होते, कुठलंच पद नसलेले आणि फार खुश. आईने नेहमीप्रमाणे मान वर केली.

“खयची गो तू?”

मावशी उत्तर देण्याआधी थांबल्या. रोज न थांबणारी बाई थांबली, म्हणून मी डबे लावायचं सोडून बघितलं. त्यांनी आईच्या ओठाची कड पदराने पुसली.

“तुमच्याच गावची, आई.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं, ‘हिला एवढंही कळत नाही’ अशा नजरेने, आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत म्हणाली, “ता माका कधीपासून म्हायत आसा.”